संग्रहालयाचा प्रेक्षक: आधी बघा, मग बोलवा

प्रश्न असा आला आहे: ‘आमचं संग्रहालय लहान आहे, पण संग्रह चांगला आहे. शाळांच्या सहली येतात तेवढ्यापुरती दालनं भरतात, एरवी रिकामी. तिकीट कमी करून पाहिलं. सोशल मीडियावर रोज पोस्ट टाकतो. अभिप्राय वहीत सगळे “फार छान” लिहून जातात, पण माणसं पुन्हा येत नाहीत. तरुण तर जवळजवळ नाहीतच. आता पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आहे. ती भरून घ्यायची का? सुरुवात कुठून करावी?’

प्रश्नावली सध्या कपाटात ठेवा. तिच्याकडे शेवटी येतो.

गेली बावीस वर्षं मी संग्रहालयांमध्ये प्रेक्षकांचा अभ्यास करण्याचं काम करतो आहे. ‘लोक आणायचे कसे?’ हे मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी विचारलं गेलं. जे आले ते कशासाठी आले होते आणि ते त्यांना मिळालं का, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं. ते ठाऊक नसताना जाहिरात केली की माणसं एकदा येतात, हवं ते न मिळाल्यामुळे परत फिरकत नाहीत, आणि आपण पुन्हा नव्या माणसांसाठी जाहिरात करत राहतो. तुमच्याकडे हेच होत असावं, असं तुम्ही लिहिलेल्या तपशिलांवरून मला वाटतं. म्हणून सुरुवात दालनातून करा, जाहिरातीतून नको.

एका दालनाचा साधा नकाशा कागदावर काढा. त्यात दारं, काचपेट्या, फलक, बाकं सगळं दाखवा. त्याच्या पन्नास प्रती काढा. दाराजवळ एक काल्पनिक रेषा ठरवा आणि ती ओलांडणारा दर पाचवा प्रौढ माणूस निवडा. बोलका चेहरा बघून किंवा आपल्याला आवडला म्हणून कुणालाही निवडू नका. तो कुठून कुठे गेला, कुठे थांबला, किती सेकंद थांबला, कुठे वाकला, कुणाला हाक मारून काही दाखवलं, हे नकाशावर पेन्सिलीनं उतरवा. नाव-गाव काही लिहायचं नाही, आणि अशी पाहणी चालू आहे असा फलक दाराशी लावायचा. चाळीस-पन्नास कागद झाले की ते एकमेकांशेजारी ठेवून बघा. मी हे जिथे जिथे केलं, तिथल्या क्युरेटरना, म्हणजे संग्रह आणि मांडणी सांभाळणाऱ्यांना, कागद बघून धक्का बसला. ज्या वस्तूवर त्यांनी सर्वांत जास्त कष्ट घेतले होते तिच्यापुढून माणसं न थांबता गेलेली असत, आणि कोपऱ्यातल्या एखाद्या साध्या वस्तूपाशी रेषांचा गुंता झालेला असे.

हे काम नवं नाही. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन आयव्हस गिलमन यांनी १९१६ साली एक फार साधा प्रयोग केला. एका माणसाला वस्तूंविषयी काही प्रश्न दिले, उत्तरं वस्तू नीट पाहूनच शोधायला सांगितली आणि तो ती शोधत असताना त्याचे फोटो काढले. फोटोंमध्ये तो माणूस वाकलेला, गुडघ्यावर बसलेला, मान तिरकी करून डोकावणारा दिसतो. ‘म्युझियम फटीग’, म्हणजे संग्रहालयातला थकवा, हा शब्द तिथून रूढ झाला. गिलमन यांचा रोख स्पष्ट होता: या थकव्यातला मोठा भाग मांडणीच्या दोषामुळे येतो. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी आजही कितीतरी संग्रहालयांत फलक गुडघ्याच्या उंचीवर असतो आणि काचेवरच्या चकाकीमुळे निम्मा वाचता येत नाही. माणूस थकून निघून जातो आणि आपण म्हणतो, लोकांना रस नाही.

१९३० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ आर्थर मेल्टन यांनी फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात माणसं दालनात कशी फिरतात याचं बारकाईनं निरीक्षण केलं. त्यांना दिसलं की बहुतेक जण आत शिरल्यावर उजवीकडे वळतात. बाहेर जाण्याचं दार दिसलं की त्याची ओढ इतकी असते की दाराकडे जाताना वाटेत लागेल तेवढंच पाहिलं जातं, उरलेल्या भिंती राहून जातात. म्हणजे तुमची सर्वांत चांगली वस्तू दालनात शिरल्यावर डाव्या हाताला असेल आणि समोर उघडं दार असेल, तर त्या वस्तूचा दोष नाही आणि प्रेक्षकाचाही नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. निवडक श्रेष्ठ चित्रांसमोर माणसं किती वेळ उभी राहतात हे त्यात मोजलं होतं. सरासरी निघाली सुमारे २७ सेकंद, आणि मध्यक १७ सेकंद, म्हणजे निम्मी माणसं सतरा सेकंदही थांबली नाहीत. या आकड्यानं अनेकजण खट्टू होतात. मी होत नाही. सतरा सेकंद मिळणार हे गृहीत धरलं की फलकाचं पहिलं वाक्य कसं असावं हे कळतं. ‘इसवी सनाच्या अमुक शतकातील, अमुक शैलीतील, अमुक धातूची’ अशी सुरुवात करून ते सेकंद संपवायचे, की ‘मूर्तीच्या डाव्या हाताकडे बघा, एक बोट नंतर जोडलेलं आहे’ असं म्हणून नजर वस्तूकडे वळवायची? दुसऱ्या प्रकारचा फलक वाचून माणूस मान वर करतो आणि वस्तूकडे बघतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता फलकाचा मसुदा माझ्याकडे आला की मी एवढंच तपासतो: हे वाचून मान वर होईल का? मसुदा साध्या कागदावर छापून चिकटपट्टीनं लावा, दोन दिवस बघा, बदला, पुन्हा लावा. कायमचा फलक त्यानंतर करा. यासारखा स्वस्त आणि गुणकारी उपाय मला तरी दुसरा माहीत नाही.

बेव्हर्ली सेरेल यांनी १९९० च्या दशकात शंभराहून अधिक प्रदर्शनांमधली अशी निरीक्षणं एकत्र केली. बहुसंख्य ठिकाणी माणसं एका प्रदर्शनात वीस मिनिटांपेक्षा कमी वेळ देतात आणि निम्म्याहून कमी गोष्टींपाशी थांबतात, असं त्यातून दिसलं. तुमचे आकडे याच आसपास आले तर घाबरू नका. तुम्ही तुलना करायची ती स्वतःशीच, बदल करण्याआधीची आणि नंतरची.

आता माणसं येतात कशासाठी, याकडे वळतो. आपण सवयीनं वय, शिक्षण, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण लिहून घेतो. हिशेबासाठी ते लागतं, पण त्यातून भेटीचं कारण कळत नाही. जॉन फॉक यांनी २००९ मध्ये मांडलेली विभागणी मला प्रत्यक्ष कामात उपयोगी पडली आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार माणसं साधारण पाच भूमिकांतून येतात. कुणी कुतूहलापोटी येतं. कुणी दुसऱ्या कुणासाठी, मुलासाठी किंवा पाहुण्यासाठी येतं. कुणाला ‘हे ठिकाण पाहिलं’ हे समाधान हवं असतं. कुणी त्या विषयातला जाणकार किंवा हौशी अभ्यासक असतो. आणि कुणाला दोन घटका शांतता हवी असते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की एकच माणूस आज एका भूमिकेत येतो आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या. शनिवारी लेकीला घेऊन आलेली प्राध्यापक बाई त्या दिवशी जाणकार नसते, आई असते. तिला बसायला जागा, जवळ स्वच्छतागृह आणि लेकीला दाखवता येईल अशा चार वस्तू हव्या असतात. तीच बाई बुधवारी एकटी आली तर तिला संदर्भ हवे असतात.

लहान संग्रहालयांमध्ये मला सर्वांत दुर्लक्षित दिसतात ती ‘दुसऱ्यासाठी आलेली’ माणसं. आजोबा नातवाला घेऊन येतात. नातू विचारतो, ‘हे काय आहे?’ आजोबा फलकाकडे बघतात. फलक त्यांना एका दमात वाचून मुलाच्या भाषेत सांगता येण्याजोगा नसतो. ते काहीतरी पुटपुटतात आणि मुलाला पुढे नेतात. त्या क्षणी आजोबांना नातवासमोर अडाणी वाटलेलं असतं, आणि जिथे तसं वाटलं तिथे माणूस पुन्हा कशाला येईल? फिलाडेल्फिया परिसरातल्या चार विज्ञानसंस्थांनी १९९० च्या दशकात मिळून कुटुंबांचा अभ्यास केला. कुटुंब एकत्र शिकतं ते कोणत्या मांडणीत, हे त्यांनी शोधलं. वस्तूभोवती चारही बाजूंनी उभं राहता यावं, एकाच वेळी अनेकांचे हात लागू शकावेत, लहानमोठ्या दोघांनाही पोहोचता यावं, मजकूर तुकड्यातुकड्यांत असावा, आणि आधीच ठाऊक असलेल्या कशाशी तरी त्याचा धागा जुळावा, अशी त्यांची काही सूत्रं होती. भिंतीला टेकवलेल्या काचपेट्यांमधून हे साधत नाही. एखादी जरी पेटी दालनाच्या मधोमध आणता आली तर आणा आणि पुन्हा नकाशावर रेषा काढून बघा.

आता न येणाऱ्यांविषयी. इथे आपण सर्वांत जास्त चुकतो, कारण इथे आपण बघत नाही, अंदाज बांधतो. मॅरिलिन हूड यांनी अमेरिकेतल्या टोलीडो शहरात केलेला अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना संग्रहालयाविषयी विचारण्याआधी मोकळा वेळ कसा घालवायला आवडतो हे विचारलं. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा येणारे होते १४ टक्के. त्यांना नवा अनुभव, शिकायला मिळणं आणि वेळ सत्कारणी लागणं महत्त्वाचं वाटत होतं. कधीच न येणारे ४६ टक्के होते. त्यांना आपल्या माणसांबरोबर असणं, स्वतः काही करता येणं आणि अवघडल्यासारखं न वाटणं हे हवं होतं. अधूनमधून येणारे ४० टक्के लोक नेमाने येणाऱ्यांसारखे असतील असं कुणालाही वाटेल. पण आवडीनिवडींत ते न येणाऱ्यांच्या जवळचे निघाले. हा निष्कर्ष मी दर वर्षी एकदा तरी स्वतःला आठवून देतो. आपण सगळे कार्यक्रम, भाषणं, फलक त्या १४ टक्क्यांच्या आवडीप्रमाणे करतो, कारण आपण स्वतः त्यांच्यातले असतो.

तिकिटाचं म्हणाल तर ब्रिटनचा अनुभव पुरेसा बोलका आहे. डिसेंबर २००१ मध्ये तिथल्या शुल्क घेणाऱ्या राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेश मोफत झाला. पहिल्या वर्षात त्या संग्रहालयांच्या भेटी सुमारे ७० टक्क्यांनी वाढल्या. पण येणाऱ्यांचा सामाजिक थर फारसा बदलला नाही. आधी येणारेच जास्त वेळा येऊ लागले, त्यांच्यासारखे आणखी येऊ लागले. मोफत प्रवेश चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण ज्याला ही जागा आपली वाटत नाही त्याच्या दृष्टीनं तिकीट हा अनेक अडथळ्यांपैकी एक असतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पियेर बूर्द्यू आणि त्यांचे सहकारी आलँ दार्बेल यांनी युरोपातल्या कलासंग्रहालयांच्या पाहणीवरून १९६६ मध्ये हेच दाखवलं होतं: कोण येतं हे ठरवण्यात शिक्षण आणि घरातून मिळालेली सवय यांचा वाटा फार मोठा असतो.

अडथळे कुठले, हे कळण्यासाठी मी एक साधी गोष्ट करतो. संग्रहालयाच्या दाराबाहेर, रस्त्यापलीकडे बसतो. एका ठिकाणी आम्ही दोघं आठवडाभर असे बसलो होतो. माणसं पायऱ्यांपाशी यायची, वर बघायची, थबकायची आणि निघून जायची. त्यांतल्या काहींना आम्ही थांबवून विचारलं. उत्तरं ऐकून मला वाईट वाटलं: ‘हे सरकारी कचेरी आहे ना?’, ‘आत जायला परवानगी लागते का?’, ‘चालू आहे का ते कळेना.’ जड लाकडी दार अर्धं लोटलेलं, आत अंधार, आणि दाराशी गणवेशातला रक्षक. त्या संग्रहालयानं पुढे तीन बदल केले. दार पूर्ण उघडं ठेवलं, दारातून दिसेल अशा जागी एक मोठी, उजळ वस्तू ठेवली, आणि रक्षकाची जागा दारातून दोन पावलं आत नेऊन त्यांना ‘या, आत या’ असं म्हणायला सांगितलं. जाहिरातीवर एक पैसाही गेला नाही. पायऱ्यांवरून परत फिरणारी माणसं कमी झाली, हे आम्ही पुन्हा आठवडाभर बसून मोजलं. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी पायऱ्या मात्र तशाच राहिल्या, आणि ती उणीव मला आजही सलते.

यानंतर प्रेक्षकवर्ग बांधण्याचं काम येतं. ‘सर्वांसाठी’ असं धोरण ठरवू नका. एक गट निवडा, दोन वर्षं त्याच्यासोबत काम करा. तुम्ही ‘तरुण’ म्हणता, पण तरुण हा गट नाही. एकोणीस वर्षांची चित्रकलेची विद्यार्थिनी, रात्रपाळी करणारा मुलगा आणि नव्यानं आई झालेली तिशीची बाई या तिघांची सवड वेगळी, गरज वेगळी. अशांपैकी एक गट ठरवा. मग त्यांच्याकडे जा, त्यांच्या जागी, त्यांच्या वेळेला, आणि पहिल्या भेटीत संग्रहालयाचं नावही काढू नका. त्यांना सध्या काय छळतं, कशाचा अभिमान वाटतो, हे ऐकून घ्या.

याचं मला सर्वांत भावलेलं उदाहरण वॉशिंग्टनमधलं आहे. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय-संस्थेनं १९६७ मध्ये अनाकोस्टिया या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, एका जुन्या सिनेमागृहात छोटं संग्रहालय सुरू केलं. जॉन किनार्ड त्याचे संचालक होते. वस्तीतल्या मुलांच्या बोलण्यात उंदरांचा त्रास सारखा यायचा. १९६९ मध्ये संग्रहालयानं चक्क उंदरांवरच प्रदर्शन भरवलं, जिवंत उंदरांसकट. उंदीर कसे राहतात, कसे वाढतात, त्यांना आवर कसा घालायचा हे सगळं त्यात होतं. संग्रहात काय आहे इथून विचार सुरू केला असता तर ते प्रदर्शन कधीच झालं नसतं. बर्लिनमध्ये २०१५ च्या अखेरीला सुरू झालेला ‘मुल्तका’ हा उपक्रमही असाच. सीरिया आणि इराकमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या संग्रहालयांत मार्गदर्शक म्हणून तयार केलं गेलं. त्यांनी आपल्या बांधवांना आपल्या भाषेत वस्तू दाखवल्या. त्यांच्याच प्रदेशातून आलेल्या वस्तू तिथे काचेमागे होत्या, त्यामुळे त्यांविषयी बोलण्याचा अधिकार त्यांना कुणी बहाल करण्याची गरज नव्हती, फक्त जागा करून द्यायची होती.

या दोन्ही उदाहरणांत संग्रहालयानं आपल्या हातातले काही निर्णय दुसऱ्यांकडे दिले. विषय कोणता, बोलणार कोण, कोणत्या भाषेत. तुमच्या संस्थेची तेवढी तयारी नसेल तर आधी तेच बोलणं घरात उरकून घ्या. लोकांना बोलवायचं, त्यांच्या आठवणी, फोटो, वस्तू घ्यायच्या आणि मग मांडणी आपणच आपल्या मनासारखी करायची, असं झालं की तो गट कायमचा तुटतो. मी एका संग्रहालयात असताना हे आमच्या हातून झालं. ज्यांच्या हस्तकलेवर प्रदर्शन होतं त्या कारागिरांना आम्ही उद्‌घाटनाला पुढच्या रांगेत बसवलं, पण फलकांचा मसुदा त्यांना दाखवला नव्हता. त्यांतल्या एका ज्येष्ठ बाईंनी फलक वाचून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘याला आम्ही असं म्हणत नाही.’ त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यानंतर मी ज्यांच्याविषयी फलक आहे त्यांनी वाचल्याशिवाय तो छापायला जाऊ दिलेला नाही.

संध्याकाळचे गाण्याचे कार्यक्रम, बाजार, रोषणाई यांविषयी थोडक्यात: गर्दी होते, आनंदही होतो, पण त्या संध्याकाळी दालनं उघडी नसतील किंवा कार्यक्रमाचा एकाही वस्तूशी संबंध नसेल, तर पुढच्या महिन्यात तुमची दालनं पूर्वीइतकीच रिकामी असतात. सोशल मीडियाचंही तसंच. वेळ, रस्ता, वाहन कुठे लावायचं, लहान मुलांना काय आहे, हे आधी अचूक आणि सहज सापडेल असं करा. रोजची पोस्ट नंतर.

हिशेब ठेवताना भेटी आणि माणसं वेगळी मोजा. एक माणूस पाच वेळा आला तर भेटी पाच, माणूस एक. सहलींचा आकडा वेगळा ठेवा. सहलीतलं मूल नंतर घरच्यांना घेऊन आलं का, हे मात्र अवश्य बघा. त्यासाठी सहलीच्या शेवटी प्रत्येक मुलाला कुटुंबासाठीचा एक पास द्या आणि परत आलेले पास मोजत राहा.

आता प्रश्नावली. पंचवीस प्रश्न दमलेल्या माणसाला दाराशी विचारू नयेत. ‘आवडलं का?’ हा प्रश्न तर मुळीच नको, त्याला सभ्य माणूस ‘हो’ म्हणतो, आणि तुमच्या वहीतलं ‘फार छान’ तेच आहे. चार प्रश्न पुरतात. आज इथे यायचं कसं ठरलं? कुणाबरोबर आलात? आज इथे आला नसता तर काय केलं असतं? घरी गेल्यावर कुणाला तरी इथलं काय सांगाल? बोलून विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, आपल्या शब्दांत नको. शेवटच्या प्रश्नावर माणूस गप्प राहिला तर तेही लिहा.

अशी पन्नास उत्तरं आणि पन्नास नकाशे जमले की दुपारी दालन बंद करून जमिनीवर पसरा. तिकीट खिडकीवरच्या बाई, दालनातले रक्षक आणि सफाई करणारे यांना बोलवा. त्यांना खुर्च्या द्या, चष्मा लागत असेल तर त्यांच्यासाठी कागद वाचून दाखवा आणि विचारा, ‘हे असं का होतं?’ ती माणसं रोज आठ तास प्रेक्षक बघत असतात. त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तुम्ही आणि क्युरेटरनी फक्त लिहून घ्या.